सुतासारखी सरळ : एका रिपेचा इतिहास

कोकणातल्या कौलारू घरात आडवं पडून वर पाहिलं, तर आधी जाड वासे दिसतात. त्या वाशांवर आडव्या, ठरावीक अंतरावर ठोकलेल्या बारीक पट्ट्या दिसतात आणि पट्ट्यांवर कौलं. या पट्टीला आपण रीप म्हणतो. इंग्रजीत लाकूड रेषांच्या दिशेनं उभं चिरण्याला 'रिप करणं' म्हणतात. उभं चिरल्याशिवाय रीप निघत नाही, म्हणून हा शब्द साहेबाकडून आला असेल असं वाटणं साहजिक आहे. प्रवास मात्र उलटा झालाय. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात 'रीपर' अशी नोंद आहे : कौलांखालच्या बारीक पट्ट्या. हिंदुस्थानी कोशांत हा शब्द सापडत नाही, मराठी कोशात मात्र 'रीप' मिळतो, असं त्यांनी लिहून ठेवलंय. दक्षिणेतल्या लाकडाच्या वखारींत आजही गिऱ्हाईक 'रीपर' मागतं. आपल्या छपरातली एक क्षुल्लक पट्टी इंग्रजी कोशात जाऊन बसली, आणि आपल्याला तिचा पत्ताही नाही.

मी म्हसळ्याचा. गेल्या काही वर्षांत घराच्या छपरासाठी मला दीडशेहून जास्त रिपा स्वतः चिराव्या लागल्या. त्यासाठी ट्रॅक सॉ वापरला आणि त्याला जोडून घरीच एक जिग बनवला. जिग म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा अगदी तसंच व्हावं म्हणून केलेली बैठक. आपल्याकडे त्याला फर्मा म्हणतात. तो करताना जे शोधलं, वाचलं, लोकांना विचारलं, त्यातून एक गोष्ट लक्षात आली. करवतीचा इतिहास आपण दात्यांचा, पोलादाचा आणि मोटरचा इतिहास म्हणून वाचतो. खरा प्रश्न दुसराच होता : करवतीनं सरळ जावं यासाठी तिला धरायचं कशानं?

चिरण्याआधी फोडणं होतं

रीप नव्हती तेव्हाही छप्पर होतं. गवतानं किंवा पेंढ्यानं शाकारलेल्या घरात वाशांवर बांबूच्या कामट्या बांधत. कुंभारानं घडवलेली नळीची कौलं आली तेव्हाही खाली बहुतेक बांबूच असे. कामटी चिरत नाहीत, फोडतात. कोयत्याचा एक घाव टोकाला घातला आणि पातं पिळलं की बांबू आपल्याच धाग्यांच्या वाटेनं फाटत जातो. भुसा पडत नाही, रेघ आखावी लागत नाही, माप लागत नाही. कामटी थोडी वाकडी आली तरी बिघडत नाही, कारण नळीचं कौल कुठंही टेकतं. एक कौल उताणं, त्यावर दुसरं पालथं, खाली दोनचार बोटं इकडेतिकडे. वांडरांनी दरवर्षी कौलं सरकवायची आणि माणसांनी पावसाआधी पुन्हा चढून ती चाळायची, हा क्रम ठरलेला.

हे सगळं बदललं ते एका कौलामुळं. १८४१ साली फ्रान्सच्या आल्झास भागातल्या आल्टकिर्श गावी जिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. प्रत्येक कौलाला कडेनं खाच, आणि खालच्या अंगाला पट्टीवर अडकण्यासाठी नाक. त्या भागापासून बासेल शहर फार लांब नाही. बासेल मिशनचे लोक मंगलोरला होते. त्यांच्यापैकी गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगलोरजवळ जेप्पू इथं, नेत्रावतीच्या काठी, कौलांचा कारखाना सुरू केला. तिथली माती चांगली, जळण मुबलक आणि दारात समुद्र. गलबतांत रचलेली मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यानं वर सरकत कोकणातल्या खाड्यांतून आत शिरली.

मंगलोरी कौल दिसायला साधं असलं तरी स्वभावानं हट्टी आहे. ते कुठंही टेकत नाही. त्याचं नाक रिपेवरच अडकलं पाहिजे आणि वरच्या कौलाची कड खालच्या कौलाच्या खाचेत बसली पाहिजे. म्हणजे दोन रिपांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं, साधारण साडेबारा इंच. अर्धा इंच जास्त झालं तर झाकण कमी पडतं आणि पाणी आत येतं. कमी झालं तर कौल उचललं जातं आणि वारा खालून शिरतो. रिपेची जाडीही सारखी लागते, नाहीतर कौलांची ओळ वरखाली होते. बांबूच्या कामटीला हे जमत नाही. फ्रान्सच्या एका कोपऱ्यात ठरलेल्या मापामुळं कोकणातल्या सुताराला हजारो फूट लांबीची, एकसारखी, बारीक पट्टी काढण्याची गरज पडली.

हजारो फूट हे उगाच म्हणत नाही. आमच्या घराचं एक पाखं चढाला सुमारे १६ फूट आहे. साडेबारा इंचांच्या हिशोबानं त्यावर रिपांच्या १६ ओळी बसतात. घर ४० फूट लांब आणि पाखी दोन. सोळा गुणिले चाळीस गुणिले दोन : १,२८० फूट. एका साध्या घराच्या छपरात एवढी रीप असते, आणि गावात अशी घरं शेकड्यांनी.

सूत धरणारा तो सुतार

लाकूड उभं चिरणं हे आडवं कापण्यापेक्षा वेगळं आणि अवघड काम आहे. आडव्या कापात करवत थोडी भरकटली तरी कापच लहान, चूक दिसत नाही. उभ्या कापात आठ फूट जायचं असतं. लाकडातली रेघ वळली की करवत तिच्या मागं जाऊ पाहते. शिवाय लाकूड हलतं.

लाकूड कसं धरायचं, याचा सगळ्यात जुना आणि डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा इजिप्तमध्ये आहे. १९२० साली थीब्झजवळ मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी प्रतिकृतींचा साठा सापडला. त्याचं वय सुमारे ४ हजार वर्षं. त्यात एक छोटी सुतारशाळा आहे. तिच्यात एक माणूस उभ्या खांबाला करकचून बांधलेलं लाकूड वरून खाली चिरतोय. आपण त्याच्या करवतीकडे बघतो, पण मला त्या खांबाचंच जास्त कौतुक वाटलं. माणूस एका हातानं लाकूड धरून दुसऱ्या हातानं करवत चालवू शकत नाही, म्हणून धरण्याचं काम त्यानं खांबाला दिलं. फर्म्याची सुरुवात तिथं होते.

लाकूड धरलं, तरी करवत सरळ कशी न्यायची? त्याचं आपल्याकडचं उत्तर धंद्याच्या नावातच आहे. संस्कृत 'सूत्रधार' या शब्दावरून मराठीत 'सुतार' आला. सूत धरणारा तो सुतार. नाटकातला सूत्रधार आणि आळीतला सुतार एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. ओंडक्याच्या दोन टोकांना खुणा करायच्या, काव किंवा कोळशात बुडवलेलं सूत दोन्हीकडे ताणून धरायचं, मधोमध चिमटीत उचलून सोडायचं. फट् असा आवाज होतो आणि लाकडावर रेघ उमटते. ताणलेला दोरा वाकडा असूच शकत नाही. 'सुतासारखा सरळ' हा शब्दप्रयोग आपण वाह्यात पोरांसाठी वापरतो, तो आला इथून.

आणि सूत हे मापही आहे. जुना सुतार अजूनही इंचाचे आठ भाग करतो आणि एका भागाला एक सूत म्हणतो. पाव इंच म्हणजे दोन सूत. ज्या दोऱ्यानं रेघ मारायची त्याचंच नाव मापाला. हे माप पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

रेघ मारून झाली की आरा. मोठा ओंडका तिकाटण्यावर चढवायचा किंवा खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक माणूस वर, एक खाली. वरचा रेघ बघतो, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो. जगभर लाकूड असंच चिरलं जात होतं, आणि आमच्या भागात चिरण्याजोगं लाकूड पुष्कळ होतं. म्हसळा हा जंजिरा संस्थानच्या तीन महालांपैकी एक. मुरुड आणि श्रीवर्धन हे बाकीचे दोन. राजपुरीची खाडी आत शिरत म्हसळ्याकडे येते. डोंगरात साग, ऐन, किंजळ आणि दारात खाडी असल्यामुळं लाकूड गलबतांतून मुंबईकडे जायचं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, कुलाबा जिल्ह्यात आलं आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

लाकूड पुष्कळ असलं तरी फुकट कधीच नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं 'आज्ञापत्र' रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जातं. आरमाराच्या प्रकरणात त्यात लाकडाविषयी बारीक सूचना आहेत. साग वगैरे लाकूड परवानगीनं जंगलातून आणावं. रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. झाड जीर्ण झालंच असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावं. १९६४ साली महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ यांच्याबरोबर आंबा आणि फणस आहेतच. अडीचशे वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या राजवटींना त्याच झाडांची काळजी वाटली.

दहा माणसं आणि एकशे दहा माणसं

ज्या काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधत होते, त्याच काळात इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ गोदीत एक वेगळी गोष्ट घडली. मुंबईत १८१० साली 'मिंडेन' पाण्यात गेलं, १८१३ साली 'कॉर्नवॉलिस', १८१७ साली 'ट्रिंकोमाली'. 'ट्रिंकोमाली' अजून हार्टलपूलला तरंगतंय. ही सुतारांच्या नजरेची आणि हाताची जहाजं.

पोर्ट्समथला जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्यांचा प्रश्न होता. एका युद्धनौकेला कप्प्या शेकड्यांनी लागत आणि प्रत्येक हातानं घडवलेली. फ्रान्समधून आलेल्या मार्क ब्रुनेल यांनी यंत्रं आखली, हेन्री मॉडस्ली यांनी ती बनवली. एक यंत्र एकच काम करायचं : एक लाकूड कापायचं, एक भोक पाडायचं, एक खाच काढायचं. एकूण ४५ यंत्रं. १८०८ सालापर्यंत वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या. पूर्वी ११० कसबी कारागिरांना लागायचं तेवढं काम १० बिनकसबी माणसं करू लागली.

औद्योगिक इतिहासात हे उदाहरण नेहमी येतं, आणि ते वाचताना त्या उरलेल्या शंभर माणसांचं काय झालं हा प्रश्न मनात येतोच. त्या यंत्रांत पोलाद आणि पट्टे होतेच, पण मुख्य गोष्ट ही होती की कारागिराचा निर्णय त्याच्या हातातून काढून लोखंडात बसवला गेला. कुठं कापायचं, किती खोल, किती रुंद, हे एकदाच ठरलं आणि त्यानंतर कुणाला ठरवावं लागलं नाही.

ब्रिटिश रचनाकार डेव्हिड पाय यांनी १९६८ साली कारागिरीवर एक पुस्तक लिहिलं. हातकाम विरुद्ध यंत्रकाम ही वाटणी त्यांना फसवी वाटली. त्यांनी दुसरी वाटणी सुचवली : जोखमीचं काम आणि खात्रीचं काम. जोखमीच्या कामात शेवटच्या क्षणापर्यंत वस्तू बिघडू शकते, सगळं हातावर अवलंबून. खात्रीच्या कामात निकाल आधीच ठरलेला असतो. यंत्र वापरूनही काम जोखमीचं असू शकतं आणि साध्या हातानंही खात्रीचं. फर्मा लावून करवत चालवणारा सुतार खात्रीचं काम करत असतो, मग करवत हाताची असो की विजेची.

मला ही वाटणी पटली, ती २०२० च्या जून महिन्यामुळं.

३ जून २०२०

त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, पत्रे उडाले. करोनाचा काळ होता. मुंबईतून गावी आलेली माणसं घरात होती, दुकानं अर्धी बंद होती आणि मोसमी पाऊस दारात उभा होता.

आमच्या आळीत ज्यांची कौलं उडाली, त्यांच्या छपरात एक गोष्ट सारखी दिसली. वासे जागेवर होते, गेल्या होत्या त्या रिपा. जिथं रीप कुजलेली, तिथं तिच्यावरचं कौल आधी सुटलं. एक कौल सुटलं की वारा आत शिरतो आणि बाकीची खालून उचलतो. छपराचा सगळ्यात स्वस्त भाग कच्चा निघाल्यावर महागड्या सागवानी वाशांचा उपयोग झाला नाही.

कित्येक दिवस वीज नव्हती, म्हणजे कुणाकडचं कुठलंही यंत्र चालणार नव्हतं. त्या दिवसांत आळीतल्या सुतारकाकांनी रिपा चिरल्या, हातकरवतीनं. वय सत्तरीच्या पुढं. मी आणि आणखी दोघं मदतीला. काकांनी दोन बाकांच्या मध्ये फळी ठेवली, तिच्या दोन्ही टोकांना एक लहानसा लाकडी ठोकळा लावून खुणा केल्या आणि सूत मारलं.

"काका, टेप देऊ?" मी विचारलं.

"टेप कशाला? तू दरवेळी मोजशील आणि दरवेळी वेगळं मोजशील. हा ठोकळा धर."

तो ठोकळा बरोबर एक इंचाचा, आठ सूत. कुठल्या तरी जुन्या रिपेचाच तुकडा. प्रत्येक नवी रीप त्याच्यावरून. माप आकड्यात नव्हतंच, वस्तूत होतं. करवत चालवायला लागल्यावर काकांनी फळीच्या कडेला एक जाड सरळ पट्टी ठोकली आणि करवतीची कूस तिला टेकवून नेली. हात थकला तरी पट्टी करवतीला भरकटू देत नव्हती. चिरेला फट पडली की तिच्यात छोटी पाचर, म्हणजे लाकूड मिटून करवत अडकणार नाही. दिवसभरात आम्ही काढल्या त्या रिपा फार नव्हत्या, पण एकीवर एक ठेवल्यावर कड जुळत होती. सत्तरीतला थरथरता हात आणि तरीही खात्रीचं काम.

पुढं वीज आली, मदत आली, आणि बऱ्याच घरांवर कौलांऐवजी निळे-लाल पत्रे चढले. त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही. पाऊस तोंडावर असताना पत्रा एका दिवसात बसतो. आमच्या घरावर मात्र कौलं ठेवायची ठरली. त्यासाठी सगळ्या रिपा बदलायच्या होत्या आणि काकांच्यानं आता ते होणार नव्हतं.

उसाच्या शेतातून आलेली करवत

गोल फिरणारी करवत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कारखान्यांत होती. ती हातात आली १९२० च्या दशकात, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला. एडमंड मिशेल यांनी ऊसतोड कामगारांचे कोयते पाहून विजेवर चालणारा कोयता करायचा प्रयत्न केला. त्यातूनच लाकडासाठी हातात धरायची सर्क्युलर करवत निघाली. आता लाकूड करवतीकडे न्यायच्या ऐवजी करवत लाकडाकडे जाऊ लागली. पण जुना प्रश्न नव्यानं उभा राहिला : मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं फक्त हाताच्या भरवशावर सरळ कसं जाईल? १९६० च्या दशकात जर्मनीतल्या फेस्टो कंपनीनं तिला चालायला रूळ दिला. ॲल्युमिनिअमची सरळ पट्टी, तिच्यावर उंचवटा, करवतीच्या तळाला तशीच खाच. पट्टीच्या कडेला रबर, आणि पहिल्या कापात ते रबर पात्याच्या रेषेत कापलं जातं. त्यानंतर रबराची कड जिथं, काप तिथं. हा झाला ट्रॅक सॉ. काकांनी फळीला ठोकलेली पट्टी आणि हा रूळ यांत तत्त्वाचा फरक नाही.

वखारीतून रिपा का आणल्या नाहीत, हा प्रश्न पडेल. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जंगलात परवानगीशिवाय चालणाऱ्या सॉ मिल थांबवायला सांगितलं. २००२ साली देशभरातल्या विनापरवाना सॉ मिल बंद करण्याचा आणि नव्या परवान्यांना चाप लावणारा आदेश आला. जंगल वाचवायला ते गरजेचंच होतं. त्याचा एक परिणाम असा की परवान्याची मिल जवळपास असतेच असं नाही. तिथला मोठा बँडसॉ ओंडक्याच्या फळ्या पाडायला उत्तम, पण दीडशे बारीक पट्ट्यांचं कुटाण्याचं काम त्यांना परवडत नाही. म्हणून मी किंजळाच्या फळ्या आणल्या : लांबी ८ फूट, रुंदी ९ इंच, जाडी दीड इंच. प्रत्येक फळीतून एकेक इंचाच्या पट्ट्या काढायच्या, म्हणजे दीड बाय एकची रीप तयार.

ट्रॅक सॉ मोठ्या प्लायवर राजासारखा चालतो. अरुंद पट्टीपाशी मात्र अडतो. कारण रूळ जवळजवळ सात-साडेसात इंच रुंद असतो आणि तो लाकडावर टेकतो. एक इंचाची पट्टी रुळाखाली ठेवली तर उरलेला रूळ हवेत राहतो, डुलतो आणि काप तिरका जातो. शिवाय प्रत्येक पट्टीसाठी दोन्ही टोकांना पुन्हा मोजायचं, पुन्हा रूळ लावायचा. एकशे साठ रिपा म्हणजे तीनशे वीस मापं. काकांचं म्हणणं तिथं आठवतंच.

त्यावरचा फर्मा असा. प्लायच्या दोन पट्ट्या जोडून सव्वानऊ फुटांची बैठक केली. तिच्यावर लांबीभर एक सरळ टेकू-पट्टी स्क्रूनं बसवली, जाडी फळीएवढीच, दीड इंच. रूळ या टेकूवर टेकतो, म्हणून डुलत नाही. दोन रूळ जोडून लांबी केली आणि जोड सरळ आहे का ते पाहायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला. साठ वर्षं जुनं तंत्र तपासायला हजारो वर्षं जुनं सूतच लागलं. मग टेकूची कड आणि रुळाच्या रबराची कड यांत दोन्ही टोकांना आणि मध्ये एक इंचाचा ठोकळा अडकवून रूळ दोन्ही टोकांना शिकंज्यानं घट्ट केला. काकांनी दिलेला ठोकळा नमुन्याला धरून आणखी दोन काढले होते.

आता फळी बाहेरच्या बाजूनं रुळाखाली सरकवायची, टेकूला भिडेपर्यंत. वरून, पात्यापासून लांब, दाबपट्टीनं धरायची. अर्धा काप झाला की थांबून चिरेत पाचर. काप पुरा झाला, पातं थांबलं, की रुळाखालची एक इंचाची रीप टोकानं ओढून घ्यायची आणि फळी पुन्हा आत. मोजायचं काहीच नाही. फळी अरुंद होत गेली की दाबायला जागा उरत नाही, म्हणून शेवटच्या दोन-तीन रिपांना बाहेरून तेवढ्याच जाडीची दुसरी फळी जोडून घ्यायची. हात पात्याच्या रेषेत कधीही न्यायचा नाही. फर्म्याचा अर्धा उपयोग हाच आहे.

एका सुताची किंमत

जाता जाता एक हिशोब. प्रत्येक काप काही लाकडाचा भुसा करतो. माझ्या पात्याचा काप सुमारे २ मिलिमीटरचा. जाड पात्याचा किंवा हात भरकटला तर तो ५ मिलिमीटर सहज होतो. फरक ३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक सूत.

नऊ इंचांची फळी म्हणजे २२८ मिलिमीटर. रीप २५ ची. दोनचा काप धरला तर एका रिपेमागं २७ मिलिमीटर जातात, एका फळीतून ८ रिपा निघतात. पाचचा काप धरला तर ३० जातात आणि ७ च निघतात. मला १,२८० फूट हवी होती, ८ फुटांच्या १६० रिपा. बारीक कापानं २० फळ्या पुरल्या. जाड कापानं २३ लागल्या असत्या. एका सुतापायी तीन फळ्या भुशात गेल्या असत्या. आंब्याफणसाला हात लावू नका म्हणणाऱ्या आज्ञापत्रकारांना हा हिशोब लगेच कळला असता.

पोर्ट्समथच्या यंत्रांविषयी वाचताना जो प्रश्न पडतो, तो या फर्म्यालाही विचारायला हवा. यानं कुणाचं कसब खाल्लं का? माझं उत्तर असं की फर्मा कुणाच्या मालकीचा आहे यावर ते ठरतं. पोर्ट्समथमध्ये निर्णय कारागिराच्या हातातून काढून मालकाच्या लोखंडात गेला. काकांच्या ठोकळ्यात काकांचाच निर्णय होता आणि तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. आता माझ्या फर्म्यात त्यांचं माप आहे. आळीतल्या दोन घरांनी तो नेऊन आपल्या रिपा चिरल्या. त्यांतल्या एकानं टेकूची जाडी बदलून घेतली, कारण त्याच्या फळ्या सव्वा इंचाच्या होत्या. कसब मेलं असतं तर त्याला टेकू का बदलायचा हे कळलं नसतं.

कोकणात आज रोज कुठं ना कुठं एखादं कौलारू छप्पर उतरतंय आणि स्लॅब पडतोय. ते थांबावं असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. घर ज्याचं, निर्णय त्याचा. तुमच्या गावच्या घराचं छप्पर उतरणार असेल तर त्याआधी एवढं करा. शिडी लावून माळ्यावर चढा. दोन रिपांमधलं अंतर, रिपेची रुंदी आणि जाडी मोजा. फोनमध्ये फोटो काढा, लाकूड कुठलं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि रिपेचा एक वीतभर तुकडा कापून, त्यावर गाव आणि साल लिहून जपून ठेवा. कागदावरचा आकडा वाचताना पुढच्या माणसाला शंका येईल. तुकडा हातात असला की तो नव्या लाकडाला लावून थेट रेघ मारता येते.